प्रदूषित जागेची सफाई: पैसे कामाचे द्यायचे की निकालाचे?

निरभ्र
प्रदूषित जमीन आणि भूजल साफ करायच्या कार्यक्रमांत प्रगतीचा अहवाल मागितला की हातात काय येतं बघा. किती बोअर मारले, किती लाख लिटर पाणी उपसून गाळलं, किती ट्रक माती हलवली. हे सगळं काम आहे, लोकांनी उन्हातान्हात केलेलं खरं काम आहे, पण जमिनीत विष किती उरलं आणि ते कुणाच्या पिण्याच्या पाण्यापर्यंत पोचतंय का याचा त्यात पत्ता नसतो. आणि बिलं निघतात ती याच आकड्यांवर.

यावर उपाय म्हणून कामगिरीवर आधारित व्यवस्थापन आलं. अमुक यंत्र बसव, तमुक तास चालव असं ठेकेदाराला सांगायचं नाही, शेवटी जागा कुठल्या अवस्थेत हवी ते सांगायचं, पद्धत त्याची त्याने निवडायची आणि पैसे टप्प्याटप्प्याने निकाल दिसेल तसे. अमेरिकेत लष्कराच्या तळांवर आणि अणुशस्त्रांच्या जुन्या कारखान्यांवर हे गेली दोन-अडीच दशकं भरपूर वापरलं गेलंय. मी या पद्धतीच्या बाजूची आहे हे आधीच सांगते, पण माझी एक अट आहे आणि ती मान्य नसेल तर मग साधं कामाच्या मापावर बिल दिलेलं परवडलं. अट अशी की निकाल मोजायचा तो यंत्रणा बंद करून, मध्ये पुरेसा काळ जाऊ देऊन. चालू पंपावर मोजलेला निकाल मी निकाल मानत नाही.

का ते सांगते. भूजलात सॉल्व्हंट गेलं असेल, समजा ट्रायक्लोरोइथिलीन म्हणजे टीसीई, धातूचे सुटे भाग धुवायला कारखान्यांत सर्रास वापरायचे ते, तर ते पाण्यापेक्षा जड, पाण्यात थोडंच विरघळणारं, त्यामुळे खाली खाली उतरत जातं आणि चिकणमातीच्या थरावर साचतं, वर्षानुवर्षं त्या मातीत मुरतं. तुम्ही पंप लावता तेव्हा वाळूच्या थरातलं पाणी आधी येतं कारण तिथून पाणी सहज वाहतं. आकडे भराभर खाली येतात, सगळे खूश. मग आलेख सपाट होतो, वर्षानुवर्षं तिथेच रेंगाळतो. पंप बंद करा, काही महिन्यांनी चिकणमातीतलं टीसीई हळूहळू परत वाळूत झिरपतं आणि आकडा पुन्हा वर. याला रिबाउंड म्हणतात आणि या धंद्यातल्या प्रत्येकाला तो माहीत आहे.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ मध्ये उपसून-गाळायच्या पद्धतीच्या ७७ जागा तपासल्या, त्यातल्या ६९ ठिकाणी ठरवलेलं उद्दिष्ट गाठलेलं नव्हतं. म्हणजे पंप चालू, बिलं चालू, पाणी अजून पिण्यालायक नाही. आणि पिण्यालायक म्हणजे किती, तर तिकडचा टीसीईचा नियम एका लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम.

तुमची मतं द्या. या क्षेत्रात काम करणारे इथे आहेत हे मला माहीत आहे, त्यांनी जरूर लिहा.

सह्यकडा
चांगला धागा. निकालावर पैसे दिले की काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे कोलोराडोतलं रॉकी फ्लॅट्स. अणुबॉम्बसाठी प्लुटोनियमचे भाग बनवायचा कारखाना. १९८९ मध्ये एफबीआयने तिथे छापा घातला, म्हणजे सरकारी कारखान्यावर सरकारचाच छापा, इतकी तिथली परिस्थिती वाईट होती. पुढे १९९५ च्या सुमाराला सफाईचा अंदाज निघाला, साधारण ६५ वर्षं आणि ३७ अब्ज डॉलर. प्रत्यक्षात काम ऑक्टोबर २००५ मध्ये संपलं, खर्च ७ अब्जांच्या आसपास.

यात २००० साली केलेला करार फार महत्त्वाचा. लक्ष्य-खर्च ठरवला, शेवटची तारीख ठरवली डिसेंबर २००६, त्याच्या आत आणि कमी खर्चात संपवलंत तर वाचलेल्या पैशात कंपनीला वाटा, उशीर झाला तर कंपनीची फी कापणार. कंपनीने तो वाटा कामगारांपर्यंतही पोचवला. आधी त्याच जागेवर माणसं इमारतींची नुसती राखण करत बसली होती, कारण राखणीचेही पैसे मिळत होते. करार बदलल्यावर तीच माणसं इमारती पाडायला लागली, ८०० च्या आसपास बांधकामं उतरवली. माणसं तीच, जागा तीच, बदललं काय तर पैसे कशाचे मिळणार ते बदललं. मला तरी याहून स्पष्ट पुरावा नको.

काळीमाती
सह्यकडा, रॉकी फ्लॅट्स सगळे सांगतात, पिट ९ कोणी सांगत नाही. आणि गंमत नाही, दोन्ही एकमेकांना जोडलेले आहेत. रॉकी फ्लॅट्सचा प्लुटोनियम लागलेला कचरा साठच्या दशकात आयडाहोला नेऊन खड्ड्यात पुरला, त्यातला एक खड्डा पिट ९. तो साफ करायला १९९४ मध्ये निश्चित किमतीचा करार झाला, लॉकहीडशी (पुढे तीच लॉकहीड मार्टिन झाली), सुमारे १८ कोटी डॉलर. कल्पना तीच, पद्धत तुम्ही ठरवा, निकाल द्या, पैसे घ्या. झालं काय? खड्ड्यात नेमकं काय आहे याच्या नोंदी भरवशाच्या नव्हत्या. यंत्रणेचं डिझाइन पुढे जाईना, खर्च वाढला, कंपनी म्हणे जास्तीचे पैसे द्या, सरकार म्हणे किंमत ठरलेली आहे. १९९८ मध्ये करार रद्द, मग कोर्टकचेरी. त्या करारातून सफाई झाली शून्य.

दुसरं, हॅनफर्ड, वॉशिंग्टन राज्यातला प्लुटोनियम बनवायचा जुना कारखाना. १७७ भूमिगत टाक्या, साडेपाच कोटी गॅलनच्या वर किरणोत्सारी कचरा. तो काचेत गोठवायचं काम बीएनएफएल कंपनीला देताना अट अशी होती की काच तयार होऊन हातात पडेल तेव्हाच पैसे, तोवरचं सगळं भांडवल कंपनीने बाजारातून उभं करायचं. १९९८ चा अंदाज होता ६.९ अब्ज डॉलर, २००० मध्ये तो १५ अब्जांच्या वर गेला आणि करार मोडला. त्या वाढीत कर्जाच्या व्याजाचा वाटा मोठा होता. धोका ठेकेदारावर टाकला म्हणजे धोका नाहीसा होत नाही, तो किंमत होऊन परत तुमच्याच दारात येतो.

माझं म्हणणं सरळ आहे. खाली काय आहे हे माहीत नसेल तर निकालाचा करार करूच नये.

निरभ्र
काळीमाती, हे मुद्दे धाग्यात यायलाच हवे होते. पिट ९ बद्दल मी तुमच्याशी सहमत आहे पण निष्कर्ष वेगळा काढते. चूक निकालावर पैसे देण्यात नव्हती, चूक तपासणी आणि सफाई एकाच किमतीत बांधण्यात होती. तपासणीचं काम, म्हणजे बोअर, नमुने, नकाशे, कुठला थर कुठे जातो, पाणी कुठल्या दिशेने वाहतं, हे कामाच्या मापानेच द्यावं, त्यात कंजुषी करूच नये, कारण तिथे निकाल म्हणजे ज्ञान आणि ज्ञानाला अंतिम आकडा नसतो. ते पुरेसं झालं की मग सफाईचा करार निकालावर.

रॉकी फ्लॅट्सचंही बघा ना, निकालाचा घट्ट करार झाला तो २००० मध्ये, त्याआधी पाच वर्षं तीच कंपनी तिथे काम करत होती, सरकारलाही कळलं होतं आणि कंपनीलाही कळलं होतं की भिंतींत, पाइपांत, डक्टमध्ये काय आहे. पिट ९ मध्ये तशी पाच वर्षं कुणी घेतलीच नाहीत.

आणि सह्यकडा, ३७ वरून ७ अब्ज हा आकडा मीही वापरायचे, पण एक लक्षात घ्या, ३७ अब्ज हा अंदाज होता, तोही जुन्या आळशी पद्धतीने काम चाललं तर किती लागेल याचा. त्यामुळे ३० अब्ज वाचले असं म्हणताना थोडं जपून. करार चांगला होता हे खरंच आहे, त्यासाठी फुगवलेल्या अंदाजाची गरज नाही.

शिकाऊ
मी इंजिनिअरिंगचा नाही, प्रश्न बाळबोध वाटेल. पाण्याचा नमुना घ्यायचा, लॅबला द्यायचा, आकडा येतो. यात भांडण कशाचं? ५ पेक्षा कमी आला तर पैसे, नाही आला तर नाही.

रेवा_नमुने
शिकाऊ, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, उलट सगळं घोडं इथेच अडतं. मी नमुने घेण्याचंच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निरीक्षण विहीर म्हणजे साधारण दोन इंची पाइप, खाली ठरावीक खोलीला जाळी. विहिरीत उभं असलेलं पाणी शिळं असतं, हवेच्या संपर्कातलं, त्यातलं टीसीई बरंचसं उडून गेलेलं असतं. ते थेट बाटलीत भरलं तर आकडा कमी येणार. म्हणून छोटा पंप जाळीच्या खोलीला सोडायचा आणि अगदी हळू उपसायचं, मिनिटाला १०० ते ५०० मिली, विहिरीतली पातळी दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरता कामा नये. पाणी एका बंद पात्रातून जातं, त्यात सामू, वाहकता, विरघळलेला ऑक्सिजन, गढूळपणा यांची रिडिंगं दर काही मिनिटांनी घ्यायची. सलग तीन वेळा रिडिंग स्थिर आली, सामू ०.१ च्या आत, वाहकता ३ टक्क्यांच्या आत, की समजायचं आता जमिनीतलं ताजं पाणी येतंय. मग ४० मिलीची काचेची बाटली, आत आधीच हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब घातलेले, काठोकाठ भरायची, पाण्याला वर फुगवटा यायला हवा, झाकण लावून उलटी करायची आणि बोटाने टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर टाकून द्यायची, कारण त्या बुडबुड्यात टीसीई निसटतं. मग बर्फात, सोबत एक लॅबमधूनच शुद्ध पाणी भरून आणलेली बाटली जी प्रवासात कधीच उघडायची नाही, तिच्यात काही सापडलं तर समजायचं की नमुने वाटेत दूषित झाले.

आता यातली एकेक पायरी ढिली करून बघा. पंप जोरात चालवला, पाणी खळाळलं, आकडा कमी. बाटलीत बुडबुडा राहू दिला, आकडा कमी. पेटी उन्हात तासभर राहिली, आकडा कमी. जाळी तीन फुटांऐवजी वीस फूट लांब ठेवली, स्वच्छ थरातलं पाणी मिसळलं, आकडा कमी. लक्षात येतंय का, जवळजवळ प्रत्येक निष्काळजीपणा आकडा कमीच करतो. म्हणजे खोटं बोलायची गरजच नाही, नुसतं घाईत काम केलं की निकाल चांगला दिसतो. आणि ज्याचे पैसे त्या आकड्यावर अवलंबून तोच नमुने घेणार असेल तर त्याला काळजीपूर्वक काम करायला कुठलं कारण उरतं सांगा.

एका जागी मी हे डोळ्यांनी बघितलंय, नाव घेत नाही. नमुने घेणारी टीम ठेकेदाराची आणि मॅनेजर सारखा मागे उभा, "किती वेळ रिडिंग घेता, भरा बाटल्या". वरकरणी वेळ वाचवायचा होता, पण परिणाम काय होणार हे त्यालाही ठाऊक होतं.

सह्यकडा
रेवा, हे वाचून डोळे उघडले. उलटी बाटली आणि टिचकी हे कुठल्याच रिपोर्टमध्ये वाचलं नव्हतं.

निरभ्र
रेवा मनापासून आभार. यातून माझी अट आणखी कडक करते. यंत्रणा बंद करून मोजायचं आणि मोजणारा ठेकेदाराच्या पगारावर नसावा.

अणुरेणू
रसायनशास्त्राच्या बाजूने एक भर घालतो, निकाल कुठल्या पदार्थाचा मोजायचा हेही करारात नीट लिहावं लागतं नाहीतर उद्दिष्ट गाठूनही पाणी जास्त वाईट होऊ शकतं.

टीसीई घालवायची आता लोकप्रिय पद्धत म्हणजे जमिनीत जिवाणूंना खाद्य सोडणं, वनस्पती तेलाचं पाण्यातलं मिश्रण किंवा लॅक्टेट. ऑक्सिजन संपतो, मग काही जिवाणू टीसीईवरचे क्लोरीनचे अणू एकेक करून काढतात. टीसीईवर तीन क्लोरीन, एक काढला की डायक्लोरोइथिलीन, दुसरा काढला की विनाइल क्लोराईड, तिसरा काढला की इथिलीन, आणि तिथे विष संपतं. पण शेवटच्या पायऱ्या उतरणारे जिवाणू, डीहॅलोकोकॉइड्स, सगळीकडे नसतात, असले तरी पुरेसे नसतात. मग साखळी मध्येच अडकते आणि विनाइल क्लोराईड साठतं. ते माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध आहे आणि त्याची अमेरिकन मर्यादा टीसीईपेक्षा कडक आहे, लिटरमागे २ मायक्रोग्रॅम.

आता करारात फक्त "टीसीई ९० टक्के कमी" असं लिहिलं असेल तर ठेकेदार एकदा तेल सोडतो, टीसीई कोसळतं, बिल मंजूर, आणि विहिरीत विनाइल क्लोराईड चढतंय. त्याने काही लबाडी केली नाही, करारातला शब्दन् शब्द पाळला. म्हणून सगळ्या साखळीची, वजनात नव्हे तर रेणूंच्या संख्येत, बेरीज करून बघायला हवी, आणि इथिलीनही मोजायला हवं, कारण इथिलीन दिसलं तरच खात्री की साखळी शेवटपर्यंत गेली. फार खर्चिक चाचणी नाही ती, पण करारात नसेल तर कुणी करत नाही.

शिकाऊ
बाप रे. म्हणजे ५ चा आकडा गाठला तरी प्रश्न सुटला असं नाही.

काळीमाती
अणुरेणूंच्या मुद्द्याला जोडून. एका विहिरीतली तीव्रता हा आकडाच मुळात अपुरा आहे. प्रदूषणाच्या प्रवाहाला आडवी एक रेष कल्पायची, त्या रेषेवर बऱ्याच विहिरी, आणि त्या रेषेतून रोज एकूण किती ग्रॅम विष पलीकडे जातंय ते काढायचं. तीव्रता गुणिले पाण्याचा प्रवाह. एखाद्या चिकट थरात तीव्रता भरपूर असेल पण पाणी हलतच नसेल तर खालच्या बाजूच्या गावाला त्याचा त्रास कमी, उलट तीव्रता मध्यम पण पाणी वेगात असेल तर त्रास जास्त. पैसे ग्रॅमवर द्या, म्हणजे ठेकेदार आपोआप जिथून खरोखर जास्त विष निघतंय तिथे आधी जाईल. विहिरीच्या आकड्यावर पैसे दिले की तो विहिरीभोवतीच घुटमळतो, विहिरीच्या आसपासच जमिनीत खाद्याची इंजेक्शनं मारतो, हे मी स्वतः नकाशांवर बघितलंय, इंजेक्शनचे ठिपके नेमके निरीक्षण विहिरींभोवती फुलासारखे गोळा झालेले.

निकालाच्या कराराला माझा विरोध थोडा मवाळ झालाय हे कबूल, पण ग्रॅम मोजणार असाल तरच.

अंगणवेल
मी अशा एका जागेच्या शेजारी राहते, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा आहे. निकाल म्हणजे काय हे ठरवताना आम्ही कुठे असतो? वरती सगळे रॉकी फ्लॅट्सचं कौतुक करताय, तिथे सरकारी खात्यांनी आपसांत केलेल्या १९९६ च्या सफाई करारात मातीतल्या प्लुटोनियमची मर्यादा ठरली होती ग्रॅममागे ६५१ पिकोक्युरी (किरणोत्साराचं माप). आसपासच्या लोकांनी आवाज उठवला, स्वतंत्र अभ्यास करून घेतला, वर्षानुवर्षं बैठकांना जात राहिले, तेव्हा कुठे २००३ मध्ये ती ५० वर आली, तीही वरच्या ३ फुटांसाठी, त्याखाली सैल नियम. इमारतींच्या तळघरांचे काही भाग जमिनीतच ठेवलेत. प्लुटोनियमचं अर्धायुष्य २४ हजार वर्षं आणि मधल्या सुमारे १३०० एकरांत लोकांना आजही प्रवेश नाही.

म्हणजे ठेकेदाराने लवकर संपवलं हे खरं, पण "संपलं" कशाला म्हणायचं हे आधीच कागदावर ठरलं होतं. लोक भांडले नसते तर ६५१ वरही संपलंच असतं, कदाचित आणखी लवकर आणि आणखी स्वस्तात, आणि तुम्ही त्याचंही कौतुक केलं असतं.

मला तुमचा राग नाही. पण कामगिरीची व्याख्या करताना ज्यांच्या घरात ते पाणी येतं, ज्यांची मुलं त्या मातीत खेळतात त्यांची सही का लागत नाही?

सह्यकडा
अंगणवेल, तुमचा मुद्दा बरोबर आहे, माझ्या पोस्टमध्ये तो यायला हवा होता. ६५१ चा आकडा बदलायला लावणारे लोक हा त्या यशाचा भागच आहे.

निरभ्र
अंगणवेल, तुम्ही लिहिलंत ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय. आणि हे फक्त मर्यादेपुरतं नाही. सुपरफंड, म्हणजे १९८० चा अमेरिकन सफाई कायदा, लव्ह कॅनॉल या पुरलेल्या रासायनिक कचऱ्यावर वसलेल्या वस्तीच्या रहिवाशांनी आरडाओरडा केल्यावर आलेला, त्यातही बरीच वर्षं प्रगती सांगायचा मुख्य आकडा होता "बांधकाम पूर्ण" झालेल्या जागांचा. म्हणजे पंप बसले, प्लांट उभा राहिला की जागा त्या यादीत. पाणी साफ व्हायला त्यानंतर तीस-तीस वर्षं लागणार असली तरी. पुढे दुसरे निकष आले, माणसांचा संपर्क नियंत्रणात आहे का, दूषित भूजल पसरायचं थांबलं का. हे निकष शेजारी राहणाऱ्याला समजतात, पटतात. कामगिरीचा निकष असाच हवा जो घरातल्या माणसाला वाचून कळेल.

जमाखर्च
मी पैशांच्या बाजूचा माणूस. बंद करून मोजायचं हे सगळ्यांना पटतंय पण त्याचा कॅश फ्लो कोणी मांडला नाही. ठेकेदाराने तीन वर्षं काम केलं, मग यंत्रणा बंद, मग दोन वर्षं वाट बघा, मग पैसे. मधल्या काळात त्याचे पगार, यंत्रांचं भाडं, व्याज कोण देणार? हॅनफर्डला हेच झालं ना. लहान, प्रामाणिक कंपन्या अशा टेंडरला उभ्याच राहणार नाहीत, मोठ्या येतील आणि व्याज किमतीत घालतील.

म्हणून विभागून द्यावं. गंगेच्या सांडपाणी प्रकल्पांत २०१६ पासून हायब्रिड ॲन्युइटी पद्धत आहे ती बघा. बांधकामाच्या काळात भांडवली खर्चाचे ४० टक्के, उरलेले ६० टक्के पुढच्या १५ वर्षांत हप्त्यांनी, आणि ते हप्ते प्लांट ठरलेल्या दर्जाचं पाणी बाहेर सोडतोय का याला बांधलेले. त्याआधी प्लांट बांधून उद्घाटन झालं की बांधणारा मोकळा, चालवणारा वेगळा, मग प्लांट बंद पडला की दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार. बांधणाऱ्यालाच १५ वर्षं अडकवलं की तो पहिल्या दिवसापासून बरा पंप घेतो. अर्थात सांडपाणी सोपं आहे, प्लांटमध्ये काय येतं आणि काय जातं दोन्ही पाइपात दिसतं, जमिनीखालचं दिसत नाही. पण पैशाची रचना उचलण्यासारखी आहे.

आणखी एक. अमेरिकन लष्कराच्या निश्चित किमतीच्या करारांत सुरुवातीला खर्च वाढला तर भरपाई देणारा विमा घ्यायचे. पुढे विमा कंपन्यांनी असा विमा देणं जवळजवळ थांबवलं. विमावाल्यांचा धंदाच धोका मोजायचा, ते बाजूला होतात तेव्हा त्याची दखल घ्यावी.

काळीमाती
जमाखर्च, एकदम पटलं. फक्त हप्ते लांबवले तर ठेकेदार बुडाला किंवा दुसऱ्या कंपनीने विकत घेतला तर काय हेही बघावं लागेल.

जमाखर्च
त्यासाठी ती रक्कम तिसऱ्याच्या बँक खात्यात आधीच ठेवलेली असावी, सरकारी खात्याकडे नाही आणि ठेकेदाराकडेही नाही. म्हणजे खात्याचं बजेट आटलं म्हणून ठेकेदाराचे पैसे अडकणार नाहीत आणि ठेकेदार पळाला तर त्याच पैशात दुसरा आणता येईल.

उंबरठा
सगळं वाचतोय. एक व्यावहारिक अडचण, खात्यांत हे समजणारी माणसं किती आहेत? निकालाच्या करारात "पद्धत त्याची" म्हटलं की खातं हात झटकतं. माझ्या माहितीतल्या एका कामात तर देखरेखीची माणसंच कमी केली, का तर म्हणे आता जबाबदारी ठेकेदाराची.

निरभ्र
उंबरठा, उलट निकालाच्या पद्धतीत खात्याला जास्त हुशार माणसं लागतात. कामाच्या मापावर बिल असेल तर ट्रक मोजायला कारकून चालतो. इथे रेवाने लिहिलेली रिडिंगं वाचता येणारा, अणुरेणूंची साखळी समजणारा माणूस बिलावर सही करायला हवा. माणसं कमी करायची असतील तर ही पद्धत वापरूच नका.

आणि करारात एक गोष्ट सुरुवातीलाच लिहून ठेवायची, जी बहुतेक ठिकाणी राहते. आपली पद्धत चालत नाहीये हे कधी मान्य करायचं? समजा दोन वर्षं सलग रेषेवरचे ग्रॅम ठरलेल्या प्रमाणात घटले नाहीत तर यंत्रणेचा आढावा, त्यानंतर इतक्या महिन्यांत पर्याय, पर्यायही चालला नाही तर पुढे काय. हे सगळं पहिला बोअर मारायच्या आधी लिहायचं, कारण नंतर प्रत्येकाचा अहंकार आणि पैसा त्या पंपात अडकलेला असतो आणि कुणी बंद करा म्हणत नाही. त्या १९९४ च्या ७७ जागांत असे किती पंप नुसते सवयीने चालत असतील.

काही जागा आपल्या हयातीत साफ होणार नाहीत हेही तेव्हाच लोकांना सांगावं. २०१३ च्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या अहवालात अमेरिकेत भूजल दूषित असलेल्या किमान १ लाख २६ हजार जागा मोजल्यात, त्यातल्या सुमारे १२ हजार इतक्या गुंतागुंतीच्या की ५० ते १०० वर्षांतही पूर्ण साफ होऊन काम बंद होण्याची शक्यता कमी. अशा जागी "पिण्यालायक पाणी" हे बिलाचं उद्दिष्ट ठेवलं तर एकतर कुणी टेंडर भरणार नाही किंवा आकडे शिजवले जातील. तिथे निकाल म्हणजे प्रवाह पुढे सरकत नाही, कुणी ते पाणी पीत नाही, जमिनीतून विषाची वाफ घरांत शिरत नाही, आणि हे दर पाच वर्षांनी पुन्हा तपासलं जातं.

अंगणवेल
हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आम्हाला दरवेळी "पुढच्या वर्षी" सांगतात. शंभर वर्षं लागतील असं स्पष्ट सांगा, आम्ही नळाचं पाणी मागू, विहिरी बंद करू, मुलांना काय सांगायचं ते ठरवू.

रेवा_नमुने
अंगणवेल, एक मागणी तुम्ही आजच करू शकता. नमुने घ्यायच्या दिवशी तिथे हजर राहायची परवानगी मागा आणि तुमच्यासाठी प्रत्येक विहिरीतून बाटल्यांचा जोड नमुना भरून मागा, दुसऱ्या लॅबला द्यायला. त्याच पाण्याच्या, त्याच मिनिटाला भरलेल्या बाटल्या. बुडबुडा तुम्ही स्वतः तपासा. आणि रिडिंगांचा कागद, जो हाताने भरतात तो, त्याची प्रत घ्या. छापील अहवालात फक्त शेवटचा आकडा असतो, तो आकडा कसा आला ते त्या हाताने लिहिलेल्या कागदावर असतं. पंप कधी बंद केला आणि नमुना कधी घेतला या दोन तारखा त्यावर नसतील तर लिहून द्यायला सांगा.

अंगणवेल
नोंद घेतली. पुढची फेरी पावसाळ्यानंतर आहे असं कळलंय.

काळीमाती
पावसाळ्यानंतर पातळी वर असते, पाणी मिसळून आकडा कमी येऊ शकतो. उन्हाळ्यातलीही एक फेरी मागा, आणि दोन्हींची तुलना पाण्याच्या पातळीसकट द्या म्हणावं.